नवा फोन, कमी ऐकू येणारे कान आणि मराठीत मेसेज लिहिण्याची सवय: मदत हवी आहे

सुरंगी_डिचोली | ३ सप्टेंबर, दुपारी ३:४०

नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली. मराठी प्राथमिक शाळेत ३२ वर्षं शिकवलं, निवृत्त होऊन ९ वर्षं झाली. हा मजकूर मी तोंडी सांगते आहे आणि शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी तिच्या फोनवर उतरवून घेते आहे, कारण मला नेमकं तेच जमत नाही.

दोन वर्षांपासून कान उतरलेत. यंत्र लावलं आहे. माणूस समोर बसला, त्याचे ओठ दिसले की बोलणं कळतं. फोनवर मात्र शब्द फुटून येतात. आवाज येतो, अर्थ लागत नाही. मुलगा बोटीवर नोकरीला, मुलगी पुण्याला. रविवारच्या फोनची मी आठवडाभर वाट बघते आणि तो आला की दोनदा "काय म्हणालास?" विचारून तिसऱ्यांदा नुसतं "हो, बरं" म्हणते. ऑगस्टच्या मध्यावर मुलाने सांगितलं की सुट्टी पुढे गेली, गणपतीच्या चवथीला येता येणार नाही. मी "हो, बरं" म्हटलं. त्याला वाटलं आईने समजून घेतलं. इकडे मी त्याची खोली झाडून घेतली, नेवऱ्यांसाठी जास्तीचे नारळ सोलून ठेवले. खरं काय ते मुलीकडून कळलं, तेव्हा चवथ चार दिवसांवर होती.

मुलगी चवथीला आली ती नवा फोन घेऊनच. आधीचा माझा बटनांचा होता. पाच दिवस तिने शेजारी बसून शिकवलं आणि ती असेपर्यंत येत होतं. ती गेली आणि हात थांबला. एका अक्षरावर बोट ठेवते, उमटतं दुसरंच. 'दिवस' लिहायला गेले तर वेलांटी एकटीच कुठेतरी जाऊन बसते. 'सर्व' मधला रफार कसा द्यायचा ते अजून सापडलेलं नाही. एक वाक्य लिहायला वीस मिनिटं लागतात, आणि पाठवताना भीती वाटते की भलत्याच माणसाला जाईल.

आणखी एक गोष्ट आहे. घरात आम्ही कोकणी बोलतो, पण लिहिणं आमच्याकडे कायम मराठीत झालं. वडिलांची पत्रं मराठीत, मुलं हॉस्टेलवर होती तेव्हा मी पाठवलेली पत्रं मराठीत. आता मुलाचा मेसेज येतो तो इंग्रजी अक्षरांत. त्याने 'के, ए, डी, आय' अशी चार अक्षरं लिहून पुढे प्रश्नचिन्ह दिलं होतं. मी आधी 'काडी' वाचलं, मग 'कधी' वाचलं आणि काय कधी, ते शोधत बसले. संध्याकाळी उलगडलं: आज कडी, म्हणजे आमटी, केली का, असं विचारत होता.

मला हे शिकायचंच आहे. कोणी माझ्यासारख्या माणसाला शिकवलं असेल तर कुठून सुरुवात केलीत ते सांगा.


म्हापशेकार | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:०५

बाई, मी म्हापशात मोबाइलच्या दुकानात १४ वर्षं काम करतो. शुक्रवारी बाजाराला आलेली मोठी माणसं दुपारी आमच्या दुकानात फोन घेऊन येतात, त्यांतल्या निम्म्यांची तक्रार तुमचीच असते.

दुसरंच अक्षर उमटतं याचं कारण बहुतेक तुमची जुन्या बटनांची सवय. बटन जोरात आणि खोल दाबावं लागायचं. या काचेला जोर लागत नाही. उलट बोट जास्त वेळ टेकलं की फोन समजतो की तुम्हाला त्या अक्षराच्या पोटातली दुसरी अक्षरं हवी आहेत, आणि ती वर उघडतात. हलकं टेकवा आणि लगेच उचला, विस्तव आहे का बघायला राखेला बोट लावतो तसं. नखाने दाबू नका, काचेला नख कळत नाही. बोटातून जाणारा अगदी सूक्ष्म विद्युतभार तिला जाणवतो, म्हणून बोटाच्या पुढच्या पेराचा मऊ भाग लागला पाहिजे. ओल्या हाताने तर लिहूच नका. पाण्याचा थेंबही काचेला बोटासारखाच वाटतो. या दिवसांत बाहेरून आल्यावर आधी काच पुसायची, मग हात.

दुसरं, तुमचा कीबोर्ड खरंच मराठीच आहे का ते बघा. बऱ्याचदा दुकानात घाईत हिंदी लावून देतात, दोन्हींची अक्षरं सारखीच दिसतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मग तुम्ही 'मी' लिहायला जाता आणि वर 'में' सुचवलं जातं. स्पेसच्या लांब बटनावर भाषेचं नाव असतं. गुगलचा कीबोर्ड असेल तर स्वल्पविराम दाबून धरा, दातेरी चाक दिसेल. त्यातून भाषा, मग कीबोर्ड जोडा, मग मराठी. तिथे मांडणी विचारतात: सरळ देवनागरी, इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटवायची, किंवा बोटाने काचेवर लिहायची. तुम्ही शिक्षिका, तिसरी मांडणी लावा आणि सध्या बाकीच्या दोन्ही विसरा. पाटीवर लिहिल्यासारखं बोटाने लिहायचं, फोन ते छापील करून देतो. अक्षर मोठं आणि सुटं काढा.

त्याच चाकात कीबोर्डची उंची वाढवता येते, ती सगळ्यात जास्त करा. फोनच्या डिस्प्लेमध्ये अक्षराचा आकारही वाढवा.


शेवंती२२ | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

एवढी खटपट कशाला? माइकचं चिन्ह दाबायचं आणि बोलायचं, मराठी आपोआप लिहिलं जातं. गुगलने २०१७ मध्येच मराठी आवाजावरून लिहायची सोय दिली आहे. माझे सासरे असंच करतात आणि खूश आहेत.


म्हापशेकार | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५२

शेवंती, ते चालतं आणि घाईच्या वेळी उपयोगी आहे. पण आपल्या इकडची नावं आणि शब्द त्याला कळत नाहीत. माझ्या आईने 'माटोळी' (गणपतीच्या वर बांधतात ती) म्हटलं की दर वेळी वेगळंच काही येतं. मग ते खोडून दुरुस्त करायला कीबोर्ड यावाच लागतो. शिवाय बाईंना कमी ऐकू येतं. स्वतःचा आवाज किती मोठा झाला याचा अंदाज नसतो आणि घरातलं बोलणं शेजारपाजारी जातं. माझ्या मावशीला याचीच लाज वाटायची.


अक्षरजुळणी | ३ सप्टेंबर, रात्री ९:१८

मी फोंड्याचा, कामाने संगणकावरच्या भारतीय लिप्यांशी संबंध येतो. वेलांटी आणि रफाराचं सांगतो, कारण ते एकदा कळलं की पुन्हा अडत नाही.

हाताने लिहिताना आपण 'दि' ची वेलांटी आधी काढतो आणि 'द' नंतर. फोन डोळ्यांचं ऐकत नाही, जिभेचं ऐकतो. उच्चारात आधी द् येतो, मग इ. म्हणून आधी द, मग ऱ्हस्व वेलांटी. ती उमटताना आपोआप डावीकडे जाऊन बसते. तुम्ही हाताच्या सवयीने वेलांटी आधी दिलीत म्हणून ती बिचारी एकटी पडली.

रफारही असाच. 'सर्व' मध्ये तो 'व' च्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारात 'व' च्या आधी आहे. म्हणून स, र, पाय मोडायची खूण, व. पाय मोडायची खूण म्हणजे अक्षराखालची ती छोटी तिरकी रेघ. बाई, तुम्ही वर्गात जोडाक्षरांची फोड शिकवलीच असेल. 'क्ष' म्हणजे क् आणि ष, 'ज्ञ' म्हणजे ज् आणि ञ, 'त्र' म्हणजे त् आणि र. तीच फोड इथे टाइप करायची. नव्या पोरांना हे समजावताना मला अर्धा तास लागतो, तुम्हाला ते आधीपासून येतं आहे.

म्हणून म्हापशेकारांशी थोडा असहमत आहे. बोटाने लिहायची सोय सुरुवातीला जरूर वापरा, पण महिन्याभराने देवनागरी बटनांवर या. बोटाचं लिखाण घाईत चुकतं. बटनांवर एकदा बोट बसलं की ते तुमचंच होतं. भारतीय लिप्यांसाठी जी प्रमाण मांडणी आहे, इनस्क्रिप्ट, तीत स्वर आणि मात्रा डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे असतात, क आणि ख एकाच बटनावर, ग आणि घ एकाच बटनावर. वर्णमाला येणाऱ्या माणसासाठीच ती आखली आहे.


आबोली_मडगाव | ३ सप्टेंबर, रात्री ११:०२

काकी, कडीचा प्रसंग वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले. मी माझ्या आईला रोज इंग्रजी अक्षरांतच मेसेज करते. सवय झाली आहे, पटपट होतं. आईचं उत्तर येतं ते नेहमी एकच, अंगठा. मला वाटायचं तिला लिहायचा कंटाळा आहे. तिने मी लिहिलेलं किती वाचलं आणि किती नाही, हे मी कधी विचारलंच नाही.

आज पहिल्यांदा देवनागरीत लिहून पाठवलं. वेळ लागला. तिचं उत्तर आलं: "वाचलं. औषध घेतलं. तू जेवलीस का." तीन वाक्यं. तिला मराठी टाइप करता येतं हेच मला माहीत नव्हतं.

तुमच्या मुलांना सरळ सांगा, मला आपल्या अक्षरांत लिहा. कोकणीत लिहिलं तरी देवनागरीत लिहा. आमच्या पिढीला सांगितल्याशिवाय सुचत नाही.


सुरंगी_डिचोली | ४ सप्टेंबर, सकाळी १०:१५

सगळ्यांचे आभार. आजही शेजारचीच मुलगी लिहिते आहे.

म्हापशेकार, तुमचं म्हणणं खरं निघालं. स्पेसवर 'हिन्दी' होतं. मराठी केलं. बोटाने लिहून पाहिलं आणि पहिल्याच फटक्यात 'आई' उमटलं. अक्षरजुळणी, वेलांटीचं वाचून वाईट वाटलं की हे मला आपलं आपण सुचलं नाही. पहिलीच्या मुलांना मी हेच सांगत आले, आधी उच्चार करा, मग लिहा.

मुलाला मेसेज पाठवला तर एकच करडी खूण दिसते आहे, कालपासून. त्याचा अर्थ काय? माझं काही चुकलं का?


वाळपईचा_वाटसरू | ४ सप्टेंबर, दुपारी १२:४०

काही चुकलं नाही, ताई. एक करडी खूण म्हणजे तुमच्या फोनवरून निघाला. दोन करड्या म्हणजे त्याच्या फोनवर पोचला. दोन निळ्या म्हणजे त्याने उघडला. मुलगा बोटीवर आहे, समुद्रात नेट नसेल. बोट बंदराला लागली की एका खुणेच्या दोन होतील. निळं न होणं हाही राग नव्हे, काहीजण ती सोय बंदच ठेवतात.

आमच्या सत्तरी तालुक्यात नेटची अशीच गत आहे. चोर्ल्याच्या घाटात तर फोन हातात धरून उपयोग नसतो. त्यामुळे साधा एसएमएस अजून लागतो, तो शिकून ठेवा. त्याला इंटरनेट लागत नाही, फोनच्या रेंजवरच जातो. ज्याला पाठवला तो रेंजबाहेर असला तर कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि रेंज आली की पोचतो. पावसात झाड पडून लाइट जाते आणि नेट मरतं, तेव्हा रेंजची एक काडी असली तरी मी बायकोला "पोचलो" एवढं कळवतो. फोन लावला तर दहादा तुटतो, एसएमएस एकदा निघाला की निघाला.

मला एक कळत नाही. मराठीत एसएमएस लिहिला की दोन-तीन मेसेजचे पैसे का कापतात? इंग्रजीत तेवढाच मजकूर एकात जातो.


अक्षरजुळणी | ४ सप्टेंबर, रात्री ८:३३

जागा मोजायची रीत वेगळी आहे म्हणून. एका एसएमएसला १४० बाइट मिळतात, एक बाइट म्हणजे ८ बिट. इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतं, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीला प्रत्येक खुणेसाठी १६ बिट लागतात, म्हणून ७०. मजकूर त्याहून लांब झाला की तुकडे पडतात, आणि तुकडे जोडायची माहितीही त्यातच जात असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. इंग्रजी मेसेजात एक जरी मराठी अक्षर किंवा हसरा चेहरा टाकला तरी अख्खा मेसेज ७० च्या हिशेबात जातो.

शिवाय आपण अक्षर म्हणतो ते फोनच्या लेखी एक नसतं. प्रत्येक मात्रा वेगळी, प्रत्येक मोडलेला पाय वेगळा. 'श्री' म्हणजे श, पाय मोडायची खूण, र, दीर्घ वेलांटी, एकूण ४. 'गणेश चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा' मोजून बघा. बोलताना १३ अक्षरं. फोनच्या हिशेबात मोकळ्या जागा धरून ३३. ७० पैकी जवळजवळ अर्धी जागा नुसत्या शुभेच्छेत गेली, अजून घरच्यांची विचारपूसही झाली नाही.

१६० हा आकडा आला तो फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्यामुळे. १९८५ मध्ये त्याने टाइपरायटरवर सुटी वाक्यं लिहून मोजली, लोकांची पोस्टकार्डं बघितली आणि ठरवलं की माणसाला सांगायचं असतं ते बहुधा १६० अक्षरांत मावतं. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला, इंग्लंडात, नाताळच्या शुभेच्छांचा. मोजमाप ठरलं तेव्हा युरोपी भाषांचाच विचार होता, आपली लिपी नंतर त्यात बसवली. मला हे अजून खटकतं. वाळपईसारख्या ठिकाणी, जिथे एसएमएसवाचून चालत नाही, तिथेच मराठीत लिहिणाऱ्याला जास्त मोजावं लागतं. व्हॉट्सॲपवर ही अडचण नाही.


तारमास्तर | ५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

मी तारखात्यात होतो. १५ जुलै २०१३ ला देशातली तारसेवा थांबली, त्याच्या आधीच मी निवृत्त झालो होतो. हा धागा वाचून राहवलं नाही. बाईंना आणि विशेषतः त्यांच्या मुलांना एक सांगायचं आहे.

तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक कमीत कमी शब्दांत लिहीत. आमच्याकडे सणावारांची, लग्नाची ठरावीक वाक्यं क्रमांकाने असायची, क्रमांक धाडला की पलीकडे पूर्ण वाक्य उतरून द्यायचं. पण गावात तार म्हटली की लोकांच्या पोटात गोळा यायचा, कारण बहुतेक वेळा ती आजारपणाची नाहीतर मरणाची असे. तारवाला अंगणात दिसला की आतल्या बायका आधी रडायला लागायच्या आणि मग कळायचं की मुलाला नोकरी लागली. 'लगेच ये' एवढीच तार वाचून दोनशे मैलांवरून रडत आलेला माणूस मी पाहिला आहे. घरी जमिनीच्या कागदावर सही हवी होती.

आता मेसेजला शब्दाचे पैसे नाहीत, तरी मुलं तारेसारखंच लिहितात. 'फोन कर.' 'कुठे आहेस.' 'बोलायचं आहे.' आमच्या वयाच्या माणसाच्या छातीत धस्स होतं. ज्याला ऐकू येतं तो फोन करून मोकळा होतो. बाईंनी काय करायचं? म्हणून कारण आधी लिहा. 'सगळं ठीक आहे. गॅसच्या पावतीचा नंबर हवा, सवड झाली की कळव.' पहिले तीन शब्द फार महत्त्वाचे आहेत.

आणि बाई, तुम्हीही मुलांना हेच करा. तुमचं 'कळवणे' असं पत्रातलं वाचून ती घाबरत असतील. सहज, बोलता तसं लिहा. खुशाली, मग कारण. मायना नको, पण नाव घेऊन सुरुवात केली तर मुलाला बरं वाटेल.


आबोली_मडगाव | ५ सप्टेंबर, सकाळी ९:४४

तारमास्तर काका, 'सगळं ठीक आहे' आधी लिहायचं, हे आजपासून पाळणार.


गावठणवाडा | ५ सप्टेंबर, दुपारी २:१०

विषय थोडा वेगळा, पण नवा फोन हातात आला की हेही कानावर असावं.

"आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आमच्या घरी आला. वडिलांनी फोन लावला. पलीकडच्याने एक ॲप घ्यायला लावलं आणि खात्यातून पैसे गेले. वडील चार दिवस जेवले नाहीत. पैशापेक्षा त्यांना हे लागलं की आपण फसलो. त्यांना आम्ही कोणीच काही बोललो नाही, तुम्हीही आपल्या माणसांना बोलू नका.

त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा गोष्टी: बँका, कंपन्या, सरकारी खाती यांचे मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचं नाव असतं. २०२५ च्या मेपासून त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक अक्षर असतं. जाहिरातीला 'पी', सेवेच्या माहितीला 'एस', ओटीपी किंवा पैशाच्या व्यवहाराला 'टी', सरकारी मेसेजला 'जी'. साध्या नंबरावरून वीज, बँक, पेन्शन असं काही आलं तर उत्तरच द्यायचं नाही. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नव्हे, ते फोनमध्ये शिरणारं ॲप असतं. पैसे गेलेच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, ताबडतोब फोन. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

सुरंगीताई, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून १९३० ला फोन कोण करणार हे आजच ठरवून ठेवा. शेजारच्या मुलीला सांगून ठेवा.


म्हापशेकार | ५ सप्टेंबर, रात्री ८:००

गावठणवाड्यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. दुकानात दर महिन्याला असं कोणीतरी येतं.

बाई, सरावासाठी एक जागा सांगायची राहिली. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःच्याच नंबराला मेसेज करता येतो, २०२२ पासून. नवीन चॅटच्या यादीत वरच तुमचं नाव दिसेल. तिथे हवं ते लिहा, चुका, पुन्हा लिहा, कोणाला जात नाही. आणि पाठवलेल्यात चूक दिसली तर १५ मिनिटांच्या आत तो मेसेज दाबून धरून दुरुस्त करता येतो, म्हणजे भीतीचं कारण नाही. मुलगा आणि मुलगी दोघांना पिन करून यादीच्या वर ठेवा, मग भलत्याला जाणार नाही.

डिचोली, माटोळी, नेवरी असे शब्द कीबोर्डच्या शब्दकोशात आपण घालू शकतो. त्यांना आखूड खूण देता येते. माझ्या आईने 'जे' ला 'जेवण झालं, गोळी घेतली' लावून ठेवलं आहे. दोन बटनांत आम्हाला रोजची खुशाली मिळते.

आणखी, मेसेज आल्याचा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही. अँड्रॉइड १४ किंवा पुढचा असेल तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये फ्लॅश नोटिफिकेशन आहे, मेसेज आला की कॅमेऱ्याचा दिवा चमकतो. आणि समोर बसलेल्या चौघांचं बोलणं एकदम कळत नसेल तर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब लावून फोन मध्ये ठेवा, बोललेलं मराठीत उमटत जातं. काही शब्द चुकतात, पण विषय काय चालला आहे ते कळतं.


सुरंगी_डिचोली | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ४:५५

नमस्कार. आज मी स्वतः लिहीत आहे. एक तास लागला तरी चालेल असं ठरवून बसले आहे.

पहिले दहा दिवस बोटाने लिहिलं. रोज स्वतःलाच पाच ओळी पाठवत होते. आज काय केलं, काय खाल्लं, कोण आलं. मग बटनांवर आले. आता वेलांटी नीट बसते. रफारही येतो. सर्व, पर्वत, दर्या, अर्धा. वहीत जशी शुद्धलेखनाची यादी करायचो तशी केली.

मुलांना लिहिलं की मला आपल्या अक्षरांत लिहा. मुलगी लगेच लिहू लागली. मुलाला वेळ लागला, बोटीवर त्याच्या फोनमध्ये मराठी कीबोर्ड नव्हता. बंदरात आल्यावर त्याने घातला. त्याचा पहिला मेसेज आला तो असा: "आई, सगळं ठीक आहे. सुट्टी डिसेंबरात मंजूर झाली. या वेळी तू हो म्हणायची गरज नाही, वाचून सांग." त्याला तारमास्तरांचं मी कळवलं होतं.

मी तो मेसेज तीनदा वाचला. फोनवर ऐकलं असतं तर एकदाच ऐकलं असतं, तेही अर्धं. मी उत्तर लिहिलं: "वाचलं. डिसेंबर. नारळ ठेवते." त्याने विचारलं, कडी करशील का. कडी आता क आणि डी नेच लिहितो.

रविवारचा फोन आम्ही बंद केलेला नाही. चेहरा दिसतो तो लावतो. आवाजाकडे लक्ष देत नाही, त्याच्याकडे बघते. काय सांगायचं ते आधी लिहून झालेलं असतं.

गावठणवाडा, शेजारच्या मुलीला १९३० सांगून ठेवलं आहे. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

एक शंका उरली आहे. 'ऱ्हस्व' हा शब्द मला काही केल्या येत नाही. र, मोडका पाय, ह असं दिलं की रफार ह च्या डोक्यावर जातो. या धाग्यात तुम्ही सगळे नीट लिहिता. वरचा शब्द मी अक्षरजुळणींच्या प्रतिसादातून उचलून डकवला आहे. शिक्षिकेला हा शब्द यायला हवा.


अक्षरजुळणी | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ५:२०

बाई, हा र वेगळा आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्याने', 'ऱ्हास' यांतला अर्धचंद्रासारखा. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ लागतो. माझ्या फोनवर साधा र दाबून धरला की तो वर मिळतो. मग ऱ, पाय मोडायची खूण, ह, स, पाय मोडायची खूण, व.


सुरंगी_डिचोली | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ५:४१

ऱ्हस्व.

आला. दुसऱ्या, वाऱ्याने, नेवऱ्या, तेही आले.